टाक्यांखाली वाढणारं हाड

अपघातात पोटाला मार लागतो, तातडीने ऑपरेशन होतं, जीव वाचतो. टाके निघतात, माणूस घरी येतो, हळूहळू नेहमीसारखा जेवायला लागतो. मग महिना-दोन महिन्यांनी आंघोळ करताना बेंबीच्या वर, व्रणाच्या खाली, बोटांना काहीतरी कडक लागतं. दाबलं तर दबत नाही. मांडी घालून पुढे वाकलं की टोचतं. घरातल्यांना पहिला विचार येतो तो गाठीचा. पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो.

अशा वेळी एक शक्यता असते, जी बहुतेकांनी कधी ऐकलेली नसते. ते खरोखरचं हाड असू शकतं. जिथे हाड असायला नको तिथे हाड तयार होण्याला डॉक्टर हेटेरोटोपिक ऑसिफिकेशन म्हणतात. आपण इथे त्याला ‘भलत्या जागचं हाड’ म्हणू. हे हाड म्हणजे कॅन्सर नव्हे. ते दुसऱ्या अवयवात पसरत नाही. पण ते कुठे वाढलं आहे यावर पुढचं सगळं ठरतं, आणि उपचारात घाई झाली तर साधं प्रकरण अवघड होऊन बसतं. म्हणून क्रमाने, सुरुवातीपासून पाहू.

नाशिक जिल्ह्यात पोटाला मार लागायला कारणं कमी नाहीत. मुंबई-आग्रा महामार्ग भर शहरातून जातो. एका बाजूला कसारा घाट, दुसऱ्या बाजूला चांदवडचा राहूड घाट, शिवाय सिन्नरवरून पुण्याचा रस्ता आणि आता समृद्धी महामार्ग. शेतात ट्रॅक्टर उलटतो, कांद्याची ट्रॉली कलंडते, बैल शिंग मारतो. दुचाकीवरून पडताना हँडलचं टोक पोटात घुसतं. बाहेर जेमतेम एक वळ दिसतो आणि आत आतडं फुटलेलं असतं.

दवाखान्यात पोचल्यावर पहिली भीती रक्तस्रावाची. आपत्कालीन विभागात सोनोग्राफीचं यंत्र पोटावर फिरवून आत रक्त साठलंय का ते काही मिनिटांत पाहतात. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्त गाळणारा अवयव, फाटलेली असू शकते. यकृताला चीर गेलेली असू शकते. रक्तदाब टिकून असेल तर सीटी स्कॅन होतो. नसेल तर पेशंट थेट ऑपरेशन थिएटरमध्ये.

पोट उघडताना सर्जन बहुतेक वेळा मधोमध उभा छेद घेतात. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक असतं, तिथून बेंबीपर्यंत, आणि गरज पडली तर ओटीपोटापर्यंत. सगळे अवयव लवकर नजरेसमोर यावेत म्हणून ही पद्धत. या छेदाचं वरचं टोक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पेशंटची अवस्था फारच नाजूक असेल तर सगळी दुरुस्ती एका दमात करत नाहीत. रक्त थांबवायचं, आतड्यातली घाण पोटात सांडणं थांबवायचं, आणि पोट तात्पुरतं झाकून पेशंटला अतिदक्षता विभागात न्यायचं. झाकायला कधी कधी निर्जंतुक सलाईनची पिशवी कापून कडेने शिवतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात ही युक्ती निघाली म्हणून तिला बोगोटा बॅग म्हणतात. एक-दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडतात, उरलेली दुरुस्ती करतात. जंतुसंसर्ग झाला किंवा जोडलेलं आतडं गळलं तर तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही उघडावं लागतं. जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नसतो. मात्र पोट जितक्या वेळा उघडावं लागतं आणि आतली सूज जितकी लांबते, तितकी भलत्या जागी हाड धरण्याची भीती वाढते.

आता हाड तयार कसं होतं ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

मोडलेलं हाड शरीर स्वतः जुळवतं. प्लास्टर फक्त हाड जागेवर धरून ठेवतं. मोडलेल्या जागी सूज येते, रक्ताची गुठळी होते, तिथे नव्या पेशी गोळा होतात. त्या आधी तंतू तयार करतात, मग कूर्चा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असते तशी लवचीक ऊती, आणि शेवटी त्या कूर्चेची जागा हाड घेतं. भलत्या जागचं हाड अगदी याच टप्प्यांनी वाढतं. फक्त जागा चुकलेली असते.

1965 मध्ये अमेरिकेत मार्शल युरिस्ट या अस्थितज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हाडातला चुना आम्लाने काढून टाकला आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांत त्या स्नायूत नवं हाड तयार झालं. म्हणजे ‘इथे हाड कर’ असा निरोप देणारं काहीतरी त्या सांगाड्यात होतं. त्या निरोप्या प्रथिनांना पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन असं नाव मिळालं. मोठा मार लागला, खूप सूज आली की असे निरोप मऊ ऊतींमध्येही सुटतात, आणि तिथल्या कोणत्याही बाजूला वळू शकणाऱ्या कच्च्या पेशी हाडाकडे वळतात.

पण नुसता निरोप पुरत नाही. कांदा लावायला रोप हवं, पाणी हवं आणि जमिनीला वाफसा हवा. तिन्ही एका वेळी जमले तरच लागण होते. इथेही तसंच. वळू शकणाऱ्या पेशी, वळवणारा निरोप आणि पोषक वातावरण या तिन्हींची गाठ पडावी लागते. म्हणून तर पोटाची एवढी ऑपरेशनं होतात आणि हा प्रकार फार थोड्यांनाच होतो.

पोटात हे हाड मुख्यतः दोन ठिकाणी सापडतं, आणि या दोन्हींची गोष्ट अगदी वेगळी आहे.

पहिली जागा व्रणाची. मधोमध घेतलेल्या उभ्या छेदात, बहुतेक वेळा बेंबीच्या वरच्या भागात, स्नायूंच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत हाडाची लांबट कांडी तयार होते. वैद्यकीय नोंदींत ही गोष्ट 1901 पासून आहे. आस्कानाझी यांनी ती प्रथम लिहिली असं मानतात. बहुतेकदा ती ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात लक्षात येते, आणि पुरुषांमध्ये जास्त आढळते. एक तर्क असा की छेदाचं वरचं टोक छातीच्या हाडाला लागून असतं, तिथल्या हाडावरच्या आवरणाचे बारीक कण जखमेत पडतात आणि रुजतात. मघाशी वरचं टोक लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

दुसरी जागा पोटाच्या आतली. आतडी पोटात सुटी लोंबत नसतात. त्यांना पाठीमागच्या भिंतीशी बांधून ठेवणारा, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पडदा असतो, त्याला मेझेंटरी म्हणतात. हाड या पडद्यात किंवा आतड्यांसमोरच्या चरबीच्या थरात धरतं. इथे आसपास कुठलंच हाड नाही, म्हणजे कण पडून रुजण्याचा तर्क इथे चालत नाही. तिथल्याच पेशी वळलेल्या असणार. हा प्रकार व्रणातल्या हाडापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. 1999 मध्ये विल्सन, रोझाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच रुग्णांवर लेख लिहिला, तेव्हा कुठे याला हेटेरोटोपिक मेझेंटरिक ऑसिफिकेशन हे स्वतंत्र नाव रूढ झालं. यातही पुरुषच अधिक, आणि बहुतेकांच्या मागे पोटाचं मोठं ऑपरेशन किंवा मोठा अपघात.

व्रणातलं हाड टोचतं, खटकतं, पण सहसा जिवावर येत नाही. आतलं हाड आतड्यांना दाबू शकतं, पिळू शकतं, चिकटवू शकतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘ऑसिफिकेशन’ हा शब्द दिसला की डॉक्टरांना आधी एकच विचारा: व्रणात आहे की आत?

आता घरी काय जाणवतं ते. व्रणातल्या हाडाची खूण म्हणजे टणक, लांबट, न सरकणारी कांडी. आपण उताणे झोपून डोकं थोडं उचललंत की व्रणाखाली ती हाताला स्पष्ट लागते. हर्निया असेल, म्हणजे टाक्यांच्या फटीतून आतडं पुढे आलेलं असेल, तर तो फुगा मऊ असतो, खोकताना वाढतो आणि झोपल्यावर बहुधा आत जातो. हाडाची कांडी झोपल्यावर कुठेही जात नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे घरच्या घरी निदान ठरवून टाकू नका. जाणवलेलं डॉक्टरांना नीट सांगता यावं एवढाच याचा उपयोग.

आतल्या हाडाची खूण बोटांना सापडत नाही. ती आतड्याच्या अडथळ्यातून कळते. पोट फुगतं, कळा येऊन जातात, जेवण वर येतं, गॅस सरत नाही, शौचाला होत नाही. काहींची जखम भरतच नाही आणि तिच्यातून आतड्यातला द्रव बाहेर येत राहतो. आतडं आणि कातडी यांच्यात पडलेल्या अशा वाटेला फिस्टुला म्हणतात. पोटाच्या ऑपरेशननंतर अडथळा झाला की त्याचं नेहमीचं कारण असतं चिकटणं, म्हणजे आतडी आपसांत चिकटून बसणं. डॉक्टरही आधी तेच गृहीत धरतात, आणि ते बरोबरच आहे. हाडाची शक्यता समोर येते ती सीटी स्कॅननंतर.

तपासणीत गफलती कुठे होतात ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या आजारात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिली गफलत वेळेची. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही वाढ मऊ असते, तिच्यात चुना भरलेला नसतो. तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही आणि ‘नॉर्मल’ असा शेरा येतो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापासून ती दिसू लागते. सीटी स्कॅनमध्ये ती आधी आणि नीट दिसते. म्हणून जुना नॉर्मल एक्स-रे दाखवून ‘तेव्हा तर काही नव्हतं’ असं आपण म्हणालो तर ते खरं असतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरी गफलत पांढऱ्या रंगाची. सीटी स्कॅनच्या आधी आतडी ठळक दिसावीत म्हणून एक औषध प्यायला देतात. ते फिल्मवर पांढरं दिसतं. हाडही पांढरंच दिसतं. मेझेंटरीतल्या हाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेषा पाहून, प्यायलेलं औषध आतड्यातून गळून पोटात पसरलंय असा समज होऊ शकतो. तसा समज झाला तर पेशंट पुन्हा टेबलावर जाईल, ज्याची मुळीच गरज नव्हती. यावर उपाय साधा आहे. तीच चित्रं हाडासाठीच्या वेगळ्या उजेड-सावलीत पाहायची; तंत्रज्ञ त्याला बोन विंडो म्हणतात. तिथे हाड ओळखू येतं: बाहेर दाट पांढरी कड, आत जाळीदार भाग, आणि जाळीत चरबीची काळसर छटा. गळलेल्या औषधाला अशी रचना नसते. औषध न पिता काढलेला आधीचा स्कॅन हाताशी असला तर शंका तिथल्या तिथे मिटते.

तिसरी गफलत चुन्याची. जुन्या जखमेत, जुन्या गुठळीत नुसता चुना साठतो आणि त्याला कॅल्सिफिकेशन म्हणतात. रिपोर्टमध्ये हा शब्द येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण चुन्याचा साठा म्हणजे हाड नव्हे. हाड जिवंत असतं, त्याला रक्तपुरवठा असतो, आत मज्जा असते, ते वाढतं. पोटात राहिलेला कापसाचा बोळा हीही एक शक्यता रेडिओलॉजिस्ट तपासतात, आणि तीही तपासायलाच हवी.

चौथी गफलत सगळ्यात घाबरवणारी. वाढ कच्ची असताना मधोमधचा तुकडा काढून तपासायला पाठवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या भराभर वाढणाऱ्या पेशी हाडाच्या कॅन्सरसारख्या दिसू शकतात. भलत्या जागच्या हाडात पक्कं हाड कडेला आणि कच्च्या पेशी मध्यभागी असतात. कॅन्सरमध्ये सहसा उलटं असतं. हा फरक कळायला पॅथॉलॉजिस्टला दोन गोष्टी हव्यात: पूर्ण तुकडा, कड आणि मध्य दोन्ही असलेला, आणि पूर्ण हकीकत, म्हणजे अपघात कधी झाला, पोट किती वेळा उघडलं. तपासणीच्या फॉर्मवर ‘पोटातील गाठ’ एवढंच लिहून गेलं तर चूक व्हायला वाव राहतो. आपल्याला फॉर्म भरता येत नसला तरी ‘अपघाताची तारीख आणि ऑपरेशनं लिहिली आहेत ना?’ एवढं नक्की विचारता येतं.

हा रिपोर्ट यायला वेळ लागतो, त्यानेही घरचे हवालदिल होतात. हाडाचा तुकडा कडक असल्यामुळे त्याचे कागदाहून पातळ काप निघत नाहीत. आधी तो आम्लात ठेवून त्यातला चुना काढावा लागतो, मगच कापता येतो. यात नेहमीपेक्षा काही दिवस जास्त जातात. उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईट निघालं असा अर्थ काढू नका.

रक्ताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसू शकतं. हाड तयार होताना ते वाढतं खरं, पण यकृताला मार लागला असेल तरी वाढतं. त्यामुळे पोटाच्या अपघातात त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. रक्तातलं कॅल्शियम बहुधा नॉर्मलच असतं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हाड वाढलं म्हणजे कॅल्शियम जास्त झालं, असं समजून घरोघरी पेशंटचं दूध, दही, नाचणी बंद करतात. ही वाढ आहारातल्या कॅल्शियममुळे होत नाही. मोठ्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला प्रथिनं आणि पोषण हवं असतं. दूध तोडून आपण त्याचं नुकसानच करतो.

निदान झालं. आता उपचार, आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं.

व्रणातल्या हाडाचा त्रास होत नसेल तर काही करायची गरज नसते. अधूनमधून दाखवायचं. टोचत असेल, काम करता येत नसेल, तर ते काढता येतं. पण कधी? कच्चं असताना नाही. वाढ चालू असताना चाकू लावला तर नव्या जखमेबरोबर नवी सूज येते आणि हाड पुन्हा धरू शकतं, कधी आधीपेक्षा जास्त. असंच हाड सांध्यांभोवतीही धरतं; त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे: साध्या मारानंतर सहा महिने, मज्जारज्जूच्या इजेनंतर एक वर्ष, मेंदूच्या इजेनंतर दीड वर्ष थांबायचं. हल्लीचे सर्जन आकड्याला इतके चिकटून राहत नाहीत; स्कॅनमध्ये कड पक्की झाली का, दोन स्कॅनमध्ये आकार तेवढाच राहिला का, हे पाहतात. तरी ‘आता लगेच काढून टाका’ असा हट्ट आपल्याकडून होऊ नये.

आतल्या हाडामुळे अडथळा झाला असेल तर आधी ऑपरेशनशिवाय प्रयत्न होतो. तोंडाने काही द्यायचं नाही, नाकातून जठरात नळी घालून साठलेलं बाहेर काढायचं, शिरेतून पाणी आणि क्षार द्यायचे; दिवस वाढले तर पोषणही शिरेतूनच. नाकातली नळी पाहून घरच्यांचा जीव तुटतो आणि ‘थोडा चहा तरी देऊ का?’ असं होतं. देऊ नका. आतड्याला विश्रांती हाच तिथे उपचार असतो.

आतड्याचा रक्तपुरवठा तुटतोय, ते कुजायला लागलंय अशी शंका आली तर मात्र थांबण्याचा नियम मोडून पोट उघडावंच लागतं. हे ऑपरेशन अवघड असतं. हाडाच्या अणकुचीदार कडा आतड्याला भोसकू शकतात, सर्जनचे हातमोजे फाडू शकतात, आणि चिकटलेल्या आतड्यातून हाड सोडवताना कधी आतड्याचा तो भागच काढावा लागतो. शक्य असेल तर असं ऑपरेशन सर्जरी, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली असतील तिथे करावं. नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, इगतपुरीकडे धामणगावचं एसएमबीटी अशा मोठ्या संस्था आहेत. गरज पडली तर तिथून पुढे मुंबई-पुण्याला पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला ऑपरेशन ठरण्याआधीच विचारा.

औषधांचं काय? खुब्याच्या ऑपरेशननंतर असं हाड धरू नये म्हणून इंडोमेथासिनसारखी सूज उतरवणारी गोळी काही आठवडे देतात, किंवा त्या जागी किरणोत्साराचा एकच लहान डोस देतात. तिथे याचा चांगला अनुभव आहे. पोटाचं गणित निराळं. या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि नुकतंच जोडलेलं आतडं गळण्याशीही त्यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. किरणोत्साराने आतड्यांना इजा होते. त्यामुळे पोटातल्या हाडासाठी हे उपाय सरसकट करत नाहीत. काही मोजक्या पेशंटमध्ये, हिशेब मांडून करतात. ‘सुजेची गोळी’ म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणून घेणं पोटाच्या ऑपरेशननंतर फार धोक्याचं आहे.

घरी परतल्यावर पोटाचं ऑपरेशन झालेली माणसं हमखास एक चूक करतात. व्रण कडक लागतो, म्हणून गरम तेल लावून चोळून घेतात. आपल्याकडे कोपराला मार लागल्यावर हाडवैदाकडून चोळून, ओढून घेतल्याने कोपराच्या स्नायूत हाड धरतं आणि हात कायमचा आखडतो, हे अस्थिरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांना कोपराच्या दुखापतीत मालिश करू नये हे आवर्जून शिकवतात. पोटाच्या व्रणाबाबत असा थेट पुरावा नाही, पण सुजलेल्या, कच्च्या ऊतीला पुन्हापुन्हा मार देणं कुठेच चांगलं नाही. व्रणावरून हलक्या हाताने क्रीम लावणं वेगळं आणि अंगठ्याने गाठ ‘फोडायला’ बसणं वेगळं. दुसरं करू नका, कुणी कितीही जाणकार म्हणवत असला तरी.

चोळायचं नाही म्हणजे पडून राहायचं असंही नाही. उठणं, चालणं, श्वासाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितले तसे करत राहावेत. वजन कधी उचलायचं, पोटाचा पट्टा किती दिवस बांधायचा हे सर्जनला विचारून ठरवा.

अपघातात डोक्याला किंवा मणक्यालाही मार लागला असेल तर लक्ष फक्त पोटावर ठेवू नका. पहिल्या महायुद्धात कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांच्या खुब्या-गुडघ्यांभोवती हाड वाढल्याचं फ्रान्समध्ये ऑगस्ता देजरीन-क्लुम्प्के आणि सेयिए यांनी 1918 मध्ये नोंदवलं होतं. आजही मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या इजेनंतर हे सांध्यांभोवती दिसतं. बेशुद्ध पडून राहिलेल्या पेशंटचा खुबा किंवा कोपर अचानक गरम, लाल, सुजलेला दिसला आणि हालचाल कमी झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा. पायातल्या शिरेत गुठळी झाली तरी साधारण असंच दिसतं, म्हणून ती आधी तपासावी लागते.

आणखी एक दुर्मीळ गोष्ट, पण आईवडिलांनी ऐकून ठेवावी अशी. काही मुलं जन्मतःच पायाचा अंगठा आखूड आणि आत वळलेला घेऊन येतात, आणि पुढे साध्या मारानंतर, कधी इंजेक्शननंतरही, पाठीवर-मानेवर कडक गाठी येऊ लागतात. हा फायब्रोडिस्प्लासिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा नावाचा जनुकीय आजार असू शकतो. साधारण वीस लाखांत एखाद्याला होतो. त्यामागचं जनुक 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं. या मुलांच्या गाठीला चाकू लावणं किंवा तुकडा काढणं म्हणजे आजार भडकवणं. मोठ्या माणसाच्या ऑपरेशननंतरच्या हाडाशी याची गल्लत करू नका, पण अंगठा आणि गाठी ही जोडी दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दोन्ही एकत्र दाखवा.

आता वाट न पाहता निघायचं कधी? पोट फुगून ताठ झालं आणि हिरवी-पिवळी उलटी होतेय. गॅस-शौच दोन्ही बंद. येऊन जाणारी कळ आता थांबतच नाही. ताप, थंडी, नाडी जोरात. व्रणातून पू किंवा आतड्यातलं पाणी येतंय. यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. तोवर तोंडाने काही देऊ नका. जुलाबाची गोळी, एनिमा, एरंडेल तर मुळीच नको. अडलेल्या आतड्यावर मागून जोर आला तर ते फुटू शकतं.

राहता राहिली फाईल. अपघाताच्या केसमध्ये कागदांना पाय फुटतात: काही पोलिसांकडे, काही वकिलाकडे, काही विमा कंपनीकडे. मूळ कागद कुणालाही देण्याआधी प्रत्येकाची फोटोप्रत आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सगळ्यात मोलाचं पान म्हणजे ऑपरेशन नोट, ज्यात आत काय फुटलं होतं, काय काढलं, काय जोडलं हे लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डवर त्याचा दोन ओळींचा सारांशच असतो. नोट मिळाली नसेल तर मागून घ्या. सीटी स्कॅनची फिल्म आणि सीडी दोन्ही जपा. बोन विंडो फिल्मवर नसली तरी सीडीवरून पुन्हा काढता येते.

हाड काढल्यानंतरही पहिलं वर्ष दर काही महिन्यांनी दाखवत राहा, कारण ते पुन्हा धरू शकतं. आणि पुढे कधी हर्नियासाठी किंवा पित्ताशयासाठी पोटाचं दुसरं ऑपरेशन ठरलं, तर ‘माझ्या पोटात पूर्वी हाड धरलं होतं’ हे सर्जनना पहिल्याच भेटीत सांगा. छेद कुठे घ्यायचा, दुर्बिणीने करायचं की उघडून, आधी स्कॅन काढायचा का, हे सगळं त्यावर ठरतं. ती फाईल ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारात दाखवायची नसते, तारीख ठरण्याआधी त्यांच्या टेबलावर ठेवायची असते.